दुखणं कोणतं, दवाखाना कोणता: नागरिकांना जाहीर आवाहन

छत्रपती संभाजीनगर शहरातल्या आणि पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, खुलताबाद, सिल्लोड, सोयगाव, फुलंब्री तालुक्यांतल्या बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे आजारपणाच्या दोनच पायऱ्या उरल्या आहेत. आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन किंवा सलाईन, आणि त्यानेही उतार पडला नाही तर ‘घाटीत न्या’. मधल्या पायऱ्या आपण वापरतच नाही. त्याची किंमत साध्या दुखण्याचा रुग्णही मोजतो आणि अत्यवस्थ रुग्णही मोजतो. म्हणून हे आवाहन.

घाटी म्हणजे आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. ते 1956 पासून उभं आहे. तिथे हजाराहून अधिक खाटा आहेत, पण त्या एकट्या आपल्या जिल्ह्याच्या नाहीत. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा अशा सगळीकडून रुग्ण तिथेच येतात. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे उभं राहून पाहा. कुणाला दोन दिवसांचा सर्दी-ताप असतो, कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या हव्या असतात, कुणाची जखमेची पट्टी बदलायची असते. त्याच रांगेत गावाकडून रेफर होऊन आलेली, धाप लागलेली म्हातारी बाई भिंतीला टेकून बसलेली असते. तिच्यासाठी घाटीशिवाय दुसरी जागा नाही. सर्दी-तापासाठी मात्र घराजवळ जागा आहे.

ती जागा म्हणजे महापालिकेचं आरोग्य केंद्र, वॉर्डातला ‘आपला दवाखाना’, आणि गावात असाल तर उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. ताप, जुलाब, खोकला, लसीकरण, गरोदरपणाची नोंदणी, साखर आणि रक्तदाबाची तपासणी ही कामं तिथली. त्यापुढचं दुखणं असेल तर तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आहे. शहरात चिकलठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, ज्याला आपण ‘मिनी घाटी’ म्हणतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तरीही शंभर रुपये रिक्षाला घालून आपण घाटीच्या रांगेत दिवस काढतो. ‘मोठं हॉस्पिटल म्हणजे चांगलं औषध’ हा समज डोक्यातून काढला पाहिजे. तापाची गोळी दोन्हीकडे तीच मिळते.

आता उलट्या बाजूची चूक. ही जास्त घातक आहे.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या छातीत पहाटे पाचला दुखू लागलं. दरदरून घाम, डाव्या हाताला कळ. घरच्यांना वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. त्यांना सोडा पाजला. नऊ वाजता दवाखाना उघडेपर्यंत थांबले, तिथे पित्ताचं इंजेक्शन घेतलं आणि घरी येऊन झोपले. दुपारी त्यांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून मोठ्या रुग्णालयात नेलं. ते वाचले, पण हृदयाचा बराच भाग कायमचा निकामी झाला. आज त्यांना एक जिना चढवत नाही. पहाटे पाच ते दुपार या वेळात हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडता आली असती.

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, घाम, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, अचानक धाप ही लक्षणं दिसली की घरगुती उपाय करत बसू नका आणि क्लिनिक उघडायची वाट पाहू नका. मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता घाम आणि धाप येते. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात. त्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. मालिश आणि झाडपाल्यात हे तास गेले तर परत मिळत नाहीत. सोयगावहून शहर शंभरावर किलोमीटर आहे, हे तिकडच्या मंडळींनी विसरू नये.

अशा वेळी 108 नंबर फिरवा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात 2014 पासून आहे, मोफत आहे, आणि तिच्यात डॉक्टर असतो.

शेतातल्या माणसांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. साप चावला तर घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हात-पाय हलवू न देता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत आणण्याची गरज नाही. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद-मिरची भरू नका. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं आणखी एक इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरांना विचारा.

तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनो, तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर मेडिकलमधलं मलम लावत बसू नका. आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लोक दुसऱ्या जिल्ह्यांतून इथे येतात, आणि आपण दोन चौक ओलांडत नाही.

मन खचलं, झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं तर 14416 वर टेलि-मानसला फोन करता येतो. त्यात लाज कसली?

पैशाबद्दलही बोलू. दाखल व्हायची वेळ आली की माणूस आधी दागिन्यांकडे बघतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते योजनेत असलेल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच मिळतं. म्हणून खाजगी रुग्णालयात पैसे भरण्याआधी तिथल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा आणि ‘हा उपचार योजनेत बसतो का?’ असं स्पष्ट विचारा. चौकशीसाठी 155388 हा नंबर आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी ठेवा.

ऑक्टोबर 2023 आठवतो ना? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. त्याच आठवड्यात आपल्या घाटीतल्या मृत्यूंचीही राज्यभर चर्चा झाली. औषधं, डॉक्टर, परिचारिका पुरेशा देणं हे सरकारचं काम आहे आणि त्यासाठी आपण भांडलंच पाहिजे. पण बरेच रुग्ण इतरत्र फिरून अगदी शेवटच्या घटकेला येतात, हेही तेव्हा रुग्णालयांनी सांगितलं होतं. तो उशीर कमी करणं आपल्या हातात आहे.

गणेश मंडळं, मशीद कमिट्या, बुद्धविहारं, बचत गट, वाळूज-चिकलठाण्यातल्या कामगार संघटना, सगळ्यांना विनंती: आपल्या भागातलं आरोग्य केंद्र कुठे आहे आणि कधी उघडं असतं, याचा एक फलक लावा. शेजारी मराठी वाचत नसतील तर हिंदी-उर्दूत लिहा. गावात आशाताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

आणि घरोघरी एवढं करा. आज जेवणं झाल्यावर एका कागदावर जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता, चोवीस तास चालणारं रुग्णालय, 108, घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्या आणि रात्री-अपरात्री गाडी काढील अशा एका शेजाऱ्याचा नंबर लिहा. तो कागद भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी चिकटवा, आणि घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.