काळी जमीन एक नव्हे

दसरा-दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडांत कापसाची वेचणी सुरू होते आणि पुढें चार-पांच महिने अकोला, यवतमाळ, हिंगणघाट या बाजूंचे जीन धडधडत राहतात. याच दिवसांत वृत्तपत्रांतून एक ठराविक रडगाणेंहि सुरू होतें. कापसाखालील क्षेत्रांत महाराष्ट्र देशांत अग्रभागीं, पण हेक्टरी उत्पन्नांत अगदीं मागें. सबब शेतकरी अडाणी आहे, किंवा बियाणें वाईट आहे, किंवा पाऊस फसवा आहे. पाऊस फसवा असतो हें आम्हांस मान्य आहे. बाकीचीं दोन निदानें मात्र अपुरीं आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शहरांतील सुशिक्षित मनुष्य ज्या जमिनीला 'काळी कसदार' असें एकच नांव देऊन मोकळा होतो, ती एक जमीन नव्हेच. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून ती झाली हें खरें. पण टेकाडाच्या माथ्यावर ती वीतभर खोल, मुरमाड, बरड असते, उतारावर मध्यम असते आणि नाल्याकाठीं पुरुषभर खोल भारी असते. पुष्कळ वावरांत या तिन्ही जाती एकाच धुऱ्याच्या आंत सांपडतात. पूर्णेच्या खोऱ्यांत तर निराळाच प्रकार. तेथील खारपाणपट्ट्यांत माती चोपण, पाणी मुरूं न देणारी आणि विहिरी खाऱ्या. इतक्या भेदांवर सल्ला मात्र एक, खताची मात्रा एक, पेरणीचें अंतर एक. हा सल्ला सरासरी जमिनीसाठीं असतो, आणि सरासरी जमीन कोणाच्याच वांट्याला आलेली नाहीं. वर्गाची सरासरी पंचेचाळीस गुण निघावी आणि पंचेचाळीस गुण मिळविणारा एकहि विद्यार्थी वर्गांत नसावा, हा अनुभव आम्हां मास्तर लोकांना दरसाल येतो.

२००२ सालीं बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत बहुतेक सर्व क्षेत्र संकरित बीटी वाणांखालीं गेलें. यांतील पुष्कळ वाण साडेपांच-सहा महिन्यांचे. खोल काळींत ओल टिकते, तेथें ते शोभतात. बरडावर पाऊस थांबतांच ओल संपूं लागते आणि बोंडें भरण्याच्या ऐन वेळीं झाड तहानेनें मरतें. पात्या गळतात, पानें लाल होतात, आणि 'लाल्या आला' म्हणून शेतकरी औषधाच्या दुकानाकडे धांवतो. दुखणें पुष्कळदां मुळांशीं असतें. फवारा मात्र पानांवर उडतो, आणि त्याचे पैसे कर्जाऊ आणलेले असतात. भारी जमिनींत याच्या उलट. तेथें ओल शिल्लक असल्यामुळें फरदड घेण्याचा मोह होतो आणि उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीचा संसार सुखानें चालतो. २०१७ सालीं या अळीनें जो कहर केला त्याचें मुख्य कारण ती बीटीला जुमानीनाशी झाली हें होतें. तथापि लांबलेल्या हंगामाचाहि त्यांत हात होता. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर प्राणांस मुकले.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नव्हे. २०१५ सालीं मृद्-आरोग्य पत्रिकेची योजना निघाली. परंतु कोरडवाहू भागांत नियम काय, तर दहा हेक्टरांच्या एका चौकटीमागें मातीचा एक नमुना! महाराष्ट्रांत शेतकऱ्याजवळ सरासरीनें दीड हेक्टरहि जमीन नाहीं. म्हणजे सहा-सात कुटुंबांच्या वावरांना मिळून एक पत्रिका. गांवचा ज्योतिषीसुद्धां इतका ढोबळ नसतो. तो निदान जन्मवेळ तरी प्रत्येकाची निराळी विचारतो.

आतां जीनाकडे वळूं. बाजारांत गाडी उघडली कीं व्यापारी मूठभर कापूस ओढून पाहतो, ओलाव्याबद्दल कांहीं पुटपुटतो, भाव ठरतो आणि माल ढिगांत जातो. बरडावरचा अपक्व तंतु आणि भारीचा भरदार तंतु तेथें एकमेकांत मिसळतात. सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे, आणि १७० किलोंची गांठ बांधली जाते. पुढें तंतूची लांबी, बळकटी, जाडी हीं यंत्रावर मोजतात. हमीभावसुद्धां लांबी आणि जाडी पाहूनच ठरलेले आहेत. पण तो आंकडा शेतकऱ्याकडे परत जात नाहीं, कारण गांठ कोणाच्या वावराची हें कोणासच सांगतां येत नाहीं. कापसांतील भेसळीविरुद्ध मुंबई सरकारनें १८६३ सालींच कायदा केला होता. तेव्हां मिसळणें हा गुन्हा होता. आज ती वहिवाट आहे.

अमेरिकेंत प्रत्येक गांठीचा नमुना सरकारी वर्गीकरणशाळेंत जातो आणि गांठीच्या क्रमांकावरून आपल्या शेताची परीक्षा शेतकऱ्याला कळते. यावर आमचे मित्र म्हणतील कीं, तेथें शेतें हजारों एकरांचीं, यंत्रें अजस्र; आपणांस हें कसें परवडावें? आम्ही यंत्रें मागतच नाहीं. मुरूम किती खोल आहे हें पहार खुपसून कळतें, आणि शेतकऱ्याला तें बहुधा पहारीवांचूनहि ठाऊक असतें. हलक्या जमिनींत लवकर येणारे वाण दाट लावावे, हें नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगतच आहे. भूमि-सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्थाहि नागपूरलाच. दोन्हींची स्थापना १९७६ सालची. या दोन शेजारणींचें ज्ञान एकाच कागदावर, वावरागणिक, गांवांत पोंचावें आणि जीनांत निदान एका गांवाचा एका जातीच्या जमिनीवरचा माल निराळ्या ढिगांत पडावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची वडिलोपार्जित जमीन आज मक्त्यानें दिलेली असेल. मक्ता ठरवितांना भारी जमिनीचा दर चढा आणि बरडाचा उतरता, हा भेद आपणांस अचूक कळतो. तेथें कोणी सरासरी काढीत बसत नाहीं. मग वर्षावर्षाच्या बोलीवर कसणाऱ्यानें त्या बरडावर नाल्याचा गाळ कशाच्या भरंवशावर ओढून टाकावा? यंदाचा मक्ता गुढीपाडव्याला ठरेल, तेव्हां तो पांच वर्षांसाठीं लिहून द्यावा आणि मातीचे नमुने वरच्या व खालच्या तुकड्याचे निरनिराळे काढून त्याचा खर्च आपण सोसावा.