व्हिडिओ लायब्ररीचा हिशोब



गेल्या आठवड्यात भाच्याने फोनवर एक लिंक पाठवली. "मामी, नवा सिनेमा. कालच थिएटरला लागलाय. घरबसल्या फुकट बघा." मी ती उघडली नाही. त्याला वाटलं, मामीला जमलं नसेल. जमतं हो सगळं! पण त्या 'फुकट' शब्दावरून मला आमच्या गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी आठवली, आणि तिची मी लिहिलेली वहीसुद्धा.

1982 च्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढच्या दोन-चार वर्षांत आमच्या सांगलीतही व्हिडिओ येऊन पोहोचला. व्हीसीआर विकत घेणं कुणाला परवडणार? तो एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेट. घरात सासूबाईंचा चौविहार, त्यामुळे दिवे लागायच्या आत जेवणं उरकलेली असायची. मग सतरंज्या अंथरायच्या आणि शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं पहाटेपर्यंत बसायची.

1985 साली शेजारच्या काकूंच्या धाकट्या मुलाने असं दुकान काढलं. नोकरी मिळत नव्हती. भांडवलासाठी काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या. जिन्याखालची खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर कॅसेट. एका कॅसेटला दिवसाला दहा रुपये, परत करायला उशीर झाला की आणखी दहा. कॅसेट मागे फिरवून न आणणाऱ्याला भाऊजी ऐकवायचे. पावसाळ्यात टेपला बुरशी यायची, ती व्हीसीआरचं हेड खराब करायची. धंदा दिसतो तेवढा सोपा नव्हता. मी बीकॉम म्हणून ते म्हणाले, "वहिनी, वही तेवढी बघाल का?" दुपारी भांडी आवरली की मी तासभर वही लिहायची.

हिशोब साधा होता. कॅसेटची किंमत निघेपर्यंत ती किती वेळा बाहेर जाते, एवढंच बघायचं. नवा सिनेमा महिनाभर हातोहात फिरायचा, मग फळीवर पडून राहायचा. म्हणजे कमाई त्या एका महिन्यातच, आणि त्यासाठी एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रती हव्यात. पण वहीत मूळ कॅसेटची खरेदी एक आणि कोऱ्या कॅसेटची खरेदी दहा, असं दिसायला लागलं. मला कळायला वेळ लागला नाही. रात्री शटर ओढून आत दोन व्हीसीआर वायरने जोडले जायचे आणि एकीवरून दुसरी भरली जायची. कधी थिएटरात बसून कॅमेऱ्याने उतरवलेली प्रतही यायची. तिला 'कॅमेरा प्रिंट' म्हणत. पडद्यासमोरून उठून जाणाऱ्या माणसाचं डोकंही त्यात दिसायचं.

कॉपीराइटचा कायदा 1984 सालीच दुरुस्त झाला होता. व्हिडिओ त्यात आला होता आणि शिक्षाही वाढली होती. हे मला ठाऊक होतं. तरी मी मुकाट्याने 'कॅसेट खरेदी' लिहून बेरीज मारत होते.

कायद्याचं एक वेळ सोडा. स्वाध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण सगळ्यांनी वाचलेत. चोराने आणलेला माल घेणं म्हणजे तदाहृतादान. खऱ्याच्या जागी नकली देणं म्हणजे प्रतिरूपक व्यवहार. सकाळी हे वाचायचं आणि रात्री सतरंजीवर बसून तोच माल बघायचा, यात आम्हाला काहीच खटकलं नाही. वस्तू हातात दिसत नाही, म्हणून ती चोरीही वाटत नाही.

भाऊजींची बाजूही सांगते. मूळ कॅसेट महाग होती, नवे सिनेमे वेळेवर मिळत नव्हते, आणि पलीकडच्या गल्लीतला दुकानदार प्रती काढतोय म्हटल्यावर सरळ माणूस मागे पडणारच. पाटल्या सोडवायच्या होत्या. हे सगळं खरं. पण दुसरी वाट नव्हतीच असं नाही. मुंबईत वॉर्डन रोडवर 1962 साली शेमारू नावाची पुस्तकांची लायब्ररी सुरू झाली. 1979 मध्ये तिने व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली, 1987 मध्ये ती वितरणात उतरली, पुढे सिनेमांचे हक्क विकत घेत मोठी कंपनी झाली आणि 2014 मध्ये शेअर बाजारातही आली. प्रत्येकाला तेवढं जमत नाही, मान्य. पण हक्क विकत घेऊनही हा धंदा होऊ शकत होता, एवढं त्यातून दिसतं.

मग 1992 च्या सुमारास आमच्याकडे केबल आली. केबलवाल्याने भाऊजींच्याच दुकानातून दहा रुपयांना एक कॅसेट नेली आणि रात्री अख्ख्या पेठेला दाखवली. दुसऱ्या दिवशी दुकानात माणूस फिरकेना. भाऊजी संतापून म्हणाले, "वहिनी, ही सरळसरळ चोरी आहे!" मी वहीत मान घालून बसले. जे त्यांनी निर्मात्याचं केलं, तेच केबलवाल्याने त्यांचं केलं होतं. हे तेव्हा बोलायला हवं होतं, पण धीर झाला नाही. दोन-तीन वर्षांत दुकान बंद झालं, तिथे झेरॉक्सचं मशीन आलं. काकूंच्या हयातीत पाटल्या सुटल्या, एवढंच समाधान.

आता त्या दुकानांबद्दल लोक हळवं होऊन बोलतात. मीही होते. सगळ्या घराने मिळून एक सिनेमा ठरवायचा, एकत्र बघायचा आणि सकाळी दहाच्या आत कॅसेट परत करायची. त्यात शिस्त होती, माणसं होती. पण आठवणींचा हिशोब लिहिताना फक्त जमेची बाजू लिहिणं बरं नाही. आमच्या मजेचा खर्च कुणाच्या तरी खात्यावर पडतच होता. जमाखर्चात फुकट असं काही नसतं. आपण दिलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी बुडालेलं असतं.

म्हणून भाच्याला फोन केला. म्हटलं, "लिंक नको पाठवूस बाबा. रविवारी दुपारच्या शोची तिकिटं मी काढते, तू मला घ्यायला ये." तो हसला. पण येतो म्हणालाय.