विषयनिवडीची घाई

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी रचना अमलात आली, तिच्यामुळे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर अन्य विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषयही घेता येतो, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला वाणिज्याचीही ओळख व्हावी, ही कल्पना मला मनःपूर्वक स्वागतार्ह वाटते. परंतु ज्याच्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा खेड्यातल्या मुलाने श्रेयांकांचा जमाखर्च, अर्जाची मुदत आणि शुल्काची तजवीज यांच्या धांदलीत, एकाही प्राध्यापकाशी न बोलता, कारकुनाच्या खिडकीपाशी उभ्या-उभ्या आपली निवड नोंदवावी, हा उघड अन्याय आहे. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विभागातील अध्यापकांनी निदान दोन दिवस केवळ अशा मुलांसाठी राखून ठेवावेत आणि पहिल्या महिन्यात विषय बदलण्याची विनाशुल्क मुभा असावी. तसा हुकूम विद्यापीठांनीच काढला पाहिजे.