आधी विश्वास, मग दुकान : फेनिक गावाची शिकवण

गावात कोणत्या सोयी आहेत, असे विचारले की आपण रस्ता, शाळा, दवाखाना, रास्त भाव दुकान, बँकेची शाखा अशी यादी सांगतो. या सोयी कोणी आणल्या, असे विचारले की एखाद्या योजनेचे किंवा विभागाचे नाव पुढे येते. परंतु तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या सोयी टिकवणार कोण? ग्रामविकासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी भेडसावतो. त्याचे एक जुने आणि विचारप्रवर्तक उत्तर स्कॉटलंडमधील एका लहानशा गावाच्या इतिहासात सापडते. विस्तार कार्यकर्ते आणि प्रयोगशील शेतकरी यांनी तो इतिहास जाणून घ्यावा, असे मला वाटते.

या गावाचे नाव फेनिक. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागातील एअरशायर प्रदेशात, किल्मार्नॉक या शहरापासून सहा-सात किलोमीटर अंतरावर, ग्लासगोकडे जाणाऱ्या जुन्या मार्गालगत ते वसले आहे. पाऊस भरपूर, हवा थंड आणि गावाच्या वरच्या अंगाला ओसाड माळरान. अशा हवामानात गव्हापेक्षा ओट आणि गवत अधिक चांगले येते. म्हणूनच हा प्रदेश दुभत्या जनावरांसाठी प्रसिद्ध झाला. तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या ‘एअरशायर’ या दुधाळ गायींचे मूळ याच परिसरात आहे. अठराव्या शतकात गावाभोवती शेती होती, तर गावातील घराघरांत हातमाग चालत असत. विणकरांचे रोजचे अन्न म्हणजे ओटचे पीठ, आणि ते त्यांना विकत घ्यावे लागे.

जवळ असण्याचे मोल

फेनिकमधील पहिली मोठी सार्वजनिक सोय म्हणजे तेथील चर्च. पूर्वी हा भाग किल्मार्नॉकच्या पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मव्यवस्थेच्या स्थानिक विभागात, मोडत असे. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर फेनिकचे स्वतंत्र पॅरिश झाले आणि १६४३ मध्ये चर्चची इमारत उभी राहिली. त्या काळात पॅरिश हे केवळ उपासनेपुरते नव्हते. गरिबांना मदत, मुलांचे शिक्षण, गावातील शिस्त हे सारे त्याच्याच कक्षेत येत असे. पुढे १६९६ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी आणि शिक्षकाच्या वेतनाचा भार तेथील जमीनमालकांनी उचलावा, असा कायदा केला. त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही, हे खरे. तरीही विणकराच्या किंवा शेतमजुराच्या मुलाला लिहिता-वाचता येण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ वाढली. पुढे जे घडले त्याचे मूळ या अक्षरओळखीत आहे, कारण ज्यांना हिशेब वाचता येत नाही त्यांची संस्था दुसऱ्याच्या हाती जाण्यास वेळ लागत नाही.

१७६१ ते १७६९ : आठ वर्षांचे अंतर

१४ मार्च १७६१ रोजी फेनिकच्या विणकरांनी एका करारपत्रावर सह्या करून आपली संस्था स्थापन केली. करारातील बांधिलकी साधी होती. एकमेकांशी आणि काम देणाऱ्यांशी प्रामाणिक राहावे, माल चांगल्या प्रतीचा विणावा, आणि आजूबाजूच्या गावांत रूढ असलेल्या दरापेक्षा अधिकही घेऊ नये आणि कमीही घेऊ नये. यातील शेवटची अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कमी दर घेऊन शेजाऱ्याचे काम ओढून घेण्याचा मार्गही विणकरांनी आपल्यासाठी बंद केला होता. संघटना ग्राहकाविरुद्ध उभी करण्यापूर्वी त्यांनी ती स्वतःच्या मोहाविरुद्ध उभी केली.

सदस्यांच्या वर्गणीतून एक सामाईक निधी जमू लागला. त्यातून अडचणीतल्या माणसाला आधार मिळे आणि गरजूला कर्जही दिले जाई. नोंदी वहीत ठेवल्या जात. ही सवय रुजल्यानंतर, नोव्हेंबर १७६९ मध्ये, संस्थेने पुढचे पाऊल टाकले. सामाईक निधीतील रकमेतून धान्यपीठ ठोक भावाने घ्यायचे आणि गावातच किरकोळ विकायचे, असा निर्णय झाला. ग्राहकांच्या सहकारी भांडाराचे हे जगातील सर्वांत जुन्या नोंदलेल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. सहकाराचे उगमस्थान म्हणून आपण इंग्लंडमधील रॉचडेलचे नाव घेतो, पण तेथील अठ्ठावीस प्रवर्तकांचे दुकान १८४४ मधले, म्हणजे फेनिकनंतर पंचाहत्तर वर्षांनी उघडलेले. रॉचडेलचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. खरेदीच्या प्रमाणात लाभांश आणि सुस्पष्ट तत्त्वे यांमुळे ते प्रारूप जगभर गेले. फेनिकचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे १७६१ आणि १७६९ यांमधील आठ वर्षे. विणकरांनी प्रथम दुकान काढले नाही. प्रथम त्यांनी एकत्र वर्गणी भरली, एकत्र नियम पाळले, कर्ज दिले आणि वसूल केले, हिशेब एकमेकांसमोर मांडला. निधी कोणाच्या हाती सुरक्षित आहे, कोण शब्द पाळतो, कोणाला हिशेब जमतो, हे आठ वर्षांत सर्वांना कळून चुकले होते. दुकान ही त्या विश्वासाला आलेली फळे होती. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा असतो. आधी इमारत आणि यंत्रसामग्री येते, मग संचालक मंडळ, आणि विश्वास निर्माण होईल अशी आशा सर्वांत शेवटी धरली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी निवडलेली वस्तू. प्रत्येक घराला रोज लागणारे, ज्याची प्रत हाताने चाचपून कळते आणि ज्याचा बाजारभाव सर्वांना ठाऊक असतो, असे पीठ त्यांनी निवडले. लाभ झाला की नाही, हे कळण्यासाठी सदस्याला वार्षिक अहवालाची वाट पाहावी लागत नव्हती. घरातल्या गृहिणीला ते आठवड्यात समजत असे.

तिसरी गोष्ट कायद्याची. ब्रिटनमध्ये अशा सहकारी संस्थांसाठी स्वतंत्र कायदा १८५२ मध्ये झाला. म्हणजे फेनिकच्या संस्थेने स्थापनेनंतर नव्वदहून अधिक वर्षे अशा कायद्याविना काढली. तिच्यामागे सदस्यांच्या सह्या आणि एकमेकांची लाज एवढेच बळ होते.

पोटापलीकडच्या गरजा

धान्यापाठोपाठ पुस्तकेही सामाईक खरेदीतून येऊ लागली. वाचनाची गोडी असलेल्या कष्टकऱ्यांची स्कॉटलंडमधील ही एकमेव वस्ती नव्हती. लेडहिल्स या शिशाच्या खाणींच्या गावात १७४१ मध्येच खाणकामगारांनी वर्गणीचे वाचनालय काढले होते. फेनिकमध्ये १८३४ ते १८४२ या काळात ज्ञानवृद्धीसाठी एक मंडळ चालत असे. गावातील माणसे ठरावीक विषयावर वादविवाद करीत आणि त्याचे इतिवृत्त लिहून ठेवीत. याच गावातील जॉन फुल्टन या पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराने स्वतःच्या अभ्यासावर, दहा वर्षे खपून, १८३३ मध्ये सूर्यमालेची यांत्रिक प्रतिकृती पूर्ण केली. ती आज ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात आहे. फेनिकच्याच एका हातमाग विणकराचा मुलगा जॉर्ज फोल्ड्स न्यूझीलंडला गेला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे शिक्षणमंत्री झाला. एका लहान गावातून अशी माणसे निघाली यात नशिबाचा भाग असेल, पण पुस्तक हाताशी असणे आणि आपले मत चारचौघांत मांडण्याची सवय असणे यांचाही वाटा त्यात नक्कीच आहे.

संस्थेलाही मर्यादा असतात

या इतिहासाचा उत्तरार्ध सांगितला नाही तर चित्र अपुरे राहील. यंत्रमाग आले तसा हातमागाचा दर घसरत गेला. प्रामाणिक हिशेब आणि स्वस्त पीठ यांच्या बळावर हे संकट परतवता येणारे नव्हते. १८३९ मध्ये गावात स्थलांतरासाठी मदत करणारी एक संस्था निघाली. सदस्यांनी थोडी थोडी रक्कम जमा करावी आणि त्यातून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना साहाय्य व्हावे, हा तिचा हेतू. ज्या गावाने एकत्र राहण्यासाठी निधी उभा केला, त्याच गावाला सन्मानाने दूर जाण्यासाठीही निधी उभा करावा लागला. विणकरांची मूळ संस्था १८७३ मध्ये विसर्जित झाली.

म्हणजे ती अयशस्वी ठरली काय? मला तसे वाटत नाही. शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या संस्थेला अयशस्वी म्हणण्याचा अधिकार आज फार थोड्यांना असेल. मात्र तिची उणीव स्पष्ट आहे. तिची मुळे एकाच व्यवसायात होती, आणि तो व्यवसाय सुकला तेव्हा तीही सुकली. एकाच पिकावर, एकाच खरेदीदारावर किंवा एकाच उत्पादनावर उभ्या असलेल्या प्रत्येक गटाने हा इशारा ध्यानात ठेवावा.

आजचे फेनिक

आज फेनिकमध्ये हातमाग नाहीत. गावात प्राथमिक शाळा आहे, सतराव्या शतकातील चर्च आहे, आणि जवळून ग्लासगोकडे जाणारा द्रुतगती मार्ग २००५ पासून गेला आहे. चांगल्या रस्त्यामुळे शहर जवळ आले. पण शहर जवळ आले की गावचे दुकान, टपाल कार्यालय, बँकेची शाखा यांचे ग्राहक कमी होतात, हा अनुभव स्कॉटलंडच्या ग्रामीण भागालाही आला आहे. म्हणूनच तेथे सोयी टिकवण्यासाठी कायद्याचा आधार घेतला गेला. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने ग्रामीण समुदायांना, जमीन विक्रीस निघाल्यास ती प्राधान्याने खरेदी करण्याचा हक्क नोंदवण्याची मुभा दिली. २०१० च्या कायद्यानुसार ग्रामीण शाळा बंद करण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला पर्यायांचा आणि गावावर होणाऱ्या परिणामांचा विचार करणे बंधनकारक झाले. कायदा संधी देतो. तिचा उपयोग करणारी माणसे मात्र गावातच असावी लागतात.

फेनिकच्या रहिवाशांनी २००८ मध्ये विणकरांची संस्था नव्या रूपात पुन्हा स्थापन केली. आता तिचा मुख्य उद्देश गावाचा इतिहास जपणे हा आहे. हे शक्य झाले, कारण जुन्या वह्या शिल्लक राहिल्या होत्या. मूळ संस्थेची कागदपत्रे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. इतिवृत्ताची वही ही केवळ लेखापरीक्षकासाठी नसते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्यासाठी बोध

भारतात सहकाराचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. येथे १९०४ चा कायदा आधी आला आणि बहुतेक संस्था नंतर उभ्या राहिल्या. आजही शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बाबतीत असेच चित्र दिसते. २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची केंद्रीय योजना सुरू झाली. तिच्यात व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत अठरा लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे, आणि सदस्यांनी स्वतः भरलेल्या भागभांडवलाच्या बरोबरीने, प्रतिसदस्य दोन हजार रुपयांपर्यंत आणि संस्थेला कमाल पंधरा लाखांपर्यंत, अनुदान आहे. सदस्याने आधी स्वतःचा पैसा घालावा, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु उद्दिष्टाच्या घाईत भाग हा कागदावरचा आकडा होतो. मग साहाय्याची मुदत संपते आणि कार्यालयाला कुलूप लागते. त्या दिवशी शेतकऱ्याचे नुकसान केवळ दोन हजार रुपयांचे होत नाही. एकत्र येऊन काही साधते, यावरचा त्याचा विश्वास उडतो, आणि तो पुन्हा मिळवण्यास एक पिढी लागते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. नोंदणीपूर्वी गटाला निदान एक हंगाम एकत्र व्यवहार करू द्यावा. सुरुवात मोठ्या प्रक्रिया केंद्राने न करता बियाणे, खत, पशुखाद्य अशा सर्वांना लागणाऱ्या एखाद्या वस्तूच्या सामाईक खरेदीने करावी. हिशेब महिन्यातून एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचला जावा, आणि तो लिहिण्याचे काम बाहेरच्या नव्हे तर गावातल्याच कोणीतरी शिकून घ्यावे. व्यवसाय स्थिरावला की दुसरा आधार शोधण्यास आरंभ करावा. संकट येण्याची वाट पाहू नये. प्रयोगशील शेतकऱ्यांनीही नव्या वाणाची चाचणी आपण जशी लहान वाफ्यात घेतो, तशीच संस्थेची चाचणी लहान व्यवहारात घ्यावी.

या मार्गाने आपले मासिक अहवाल कदाचित कमी भरगच्च दिसतील. नोंदणी झालेल्या संस्थांची संख्या काही काळ कमी राहील. तरीही हा विलंब स्वीकारावा, असे मी आग्रहाने म्हणेन. पिठाचे पहिले पोते गावात आणण्यापूर्वी फेनिकच्या विणकरांनी आठ वर्षे घेतली होती. आपण निदान एक हंगाम तरी घ्यावा.