प्रार्थना आणि संमती

शाळेत धार्मिक पठण असावे की नसावे, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून डोके वर काढतो आणि थोड्या गदारोळानंतर निकाल न लागताच विरून जातो. मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात भगवद्गीता व मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना आली, मनुस्मृतीतील एक श्लोकही उद्धृत झाला, तेव्हाही असेच घडले. कोणता ग्रंथ घ्यावा व कोणता वगळावा यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. ज्या मुलांनी ते म्हणावयाचे, त्यांच्या घरच्यांना कोणी विचारावयाचे की नाही, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. वस्तुतः राज्यघटनेने महत्त्व दिले आहे ते याच प्रश्नाला.

घटनेच्या २८ व्या कलमानुसार, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही कोणाला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या तरतुदीचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी अनेक जमातींची मुले एकाच शाळेत शिकत असल्याच्या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधले होते. धर्मांचा अभ्यास ही धर्मशिक्षणाहून वेगळी गोष्ट आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

ती वस्तुस्थिती पाहावयास आमच्या अंबरनाथकरांना दूर जावे लागत नाही. पूर्वेस इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे; शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविले; आणि येथील कारखान्यांनी देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार आणले. अशा गावातील वर्गाच्या एकाच बाकावर तीन घरांचे तीन देव, किंवा दोन देव आणि एक नास्तिक, बसलेले असणे मुळीच नवलाचे नाही.

आता संमतीकडे वळू. महाराष्ट्रातील बहुसंख्य माध्यमिक शाळा खासगी संस्था चालवितात आणि त्यांतील अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे वेतन शासन देते. तेथे मौनालाच संमती समजण्याचा प्रघात आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थबकतो. नकार देणे ज्याला परवडते, त्याचाच होकार खरा मानावयाचा, हा त्याचा साधा नियम. दहा वर्षांच्या मुलाला रांगेत एकट्याने वेगळे उभे राहणे परवडते काय? प्रौढांनाही ते महाग पडते. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. ती मिळविण्यासाठी त्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. अशी सक्ती करता येणार नाही, असा निर्णय २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. शिक्षकाची ही गत, तर विद्यार्थ्याची काय कथा!

सामुदायिक प्रार्थनेने शिस्त लागते, मन शांत होते, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद पोकळ नाही. साने गुरुजींची प्रार्थना महाराष्ट्राच्या असंख्य शाळांत म्हटली गेली, ती तिच्यातील प्रेमामुळे. परंतु याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले होते. ज्याला आत यावयाचे आहे त्याला मज्जाव करणे आणि ज्याला हात जोडावयाचे नाहीत त्याचे हात जोडून घेणे, या दोन्हींत एकाच प्रकारचा अधर्म आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना, ती ऐच्छिक असूनही, घटनाबाह्य ठरविली. आपण तितके दूर जावे असे नाही. आपल्या घटनेपर्यंत गेलो तरी पुरे. प्रार्थनेला धार्मिक स्वरूप असेल, तर अनुदानित शाळांनी प्रवेशपत्रिकेतच पालकांची लेखी संमती घ्यावी. संमती नसलेल्या मुलाने शांतपणे उभे राहणे हा अनादर समजू नये. राष्ट्रगीताच्या बाबतीतही केरळच्या तीन मुलांना सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हेच संरक्षण दिले आहे. आणि सर्व धर्मांचा परिचय परिपाठात नव्हे, तर इतिहासाच्या तासाला, प्रश्न विचारण्याची मुभा देऊन करून द्यावा. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही. शिक्षण विभागाचे एक परिपत्रक एवढ्यासाठी पुरेसे आहे.