बी पेरण्याआधीचा हिशेब

स्तन, प्रोस्टेट किंवा फुप्फुसाचा कर्करोग हाडात पसरला की वेदना रुग्णाची झोप हिरावून घेते. अशा वेदनेसाठी चीनमधील रुग्णालये आयोडिन-१२५ च्या किरणोत्सर्गी बिया वापरतात. टायटॅनियमच्या या जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीच्या कुप्या सीटी स्कॅनवर पाहत सुईने थेट गाठीत ठेवल्या जातात. कल्पना आकर्षक आहे. पण उपचाराचे यश सुई टोचण्याआधीच्या आखणीवर ठरते.

या बियांचे किरण फार लांब पोहोचत नाहीत. काही मिलिमीटरांतच मात्रा झपाट्याने घटते. बी नेमक्या जागी बसली तर गाठीवर मारा होतो आणि शेजारचा मज्जारज्जू वाचतो. ती सरकली तर उलट घडू शकते. म्हणून गाठीची सीमा आखणे, बियांची संख्या व अंतर ठरवणे, मज्जारज्जूला किती मात्रा जाईल हे मोजणे आणि शेवटी पुन्हा स्कॅन करून ताळा पाहणे, यांपैकी एकही पायरी गाळून चालत नाही. कठीण हाडात सुई आखलेल्या वाटेनेच जाईल, याची खात्री नसते.

बी वेदना कमी करेल, पण पोखरलेल्या हाडाला बळ देणार नाही. मोडायला आलेल्या हाडाला शस्त्रक्रियेचा किंवा सिमेंटचा आधार लागतो. आयोडिन-१२५ ची किरणोत्सर्गिता निम्मी व्हायला सुमारे ६० दिवस लागतात. त्या काळात लहान मुले व गर्भवतींपासून किती अंतर राखायचे, हे घरच्यांना लिहून द्यावे. वर्षभरात रुग्ण दगावला तर दहनाआधी रुग्णालयाला कळवायचे, हेही सांगावे. बोलणे अवघड असले तरी ते टाळू नये.

मुळात बहुतेकांना बियांची गरजच नसते. बाहेरून एकदाच दिलेली ८ ग्रे किरणमात्रा अनेक दिवसांच्या किरणोपचाराइतकाच आराम देते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. काहींना ती पुन्हा द्यावी लागते, एवढेच. एका फेरीत होणारा हा उपाय आधी खेड्यातल्या रुग्णापर्यंत पोहोचायला हवा. त्यानंतरही दुखणे उरले आणि त्याच जागी आणखी किरण देणे धोक्याचे असेल, तर बियांचा विचार करावा. तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांना किंमत विचारण्याआधी आखणी दाखवायला सांगावी.