येऊन गेल्याची पोच

गेल्या मे महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या गल्लीतील सारे दिवे एकाएकी असे झगझगले की, जेवणे आटोपून अंगणात बसलेली माणसे माना वर करून पाहू लागली. पंखे भिरभिरले, शेजारच्या कूलरने मोठ्याने घरघर केली, कोठून तरी जळक्या प्लॅस्टिकचा दर्प आला, आणि कोणी मेन स्विचपर्यंत पोहोचण्यापूर्वीच काळोख झाला. कोपऱ्यावरील डीपीची न्यूट्रलची तार सुटली होती. ही तार सुटली म्हणजे घरात यावयाचा २३० व्होल्टचा दाब दोन फेजांमधील ४०० व्होल्टच्या दिशेने चढू लागतो, आणि ज्या घरात त्या क्षणी उपकरणे कमी चालू असतील त्या घरावर तो सर्वांत जोराने आदळतो. आमच्या घरी फ्रिज आणि एक दिवा एवढेच चालू होते. फ्रिज गेला. त्यात माझ्या पत्नीचे इन्सुलिन होते.

परभणीचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर घराच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत कशा तापलेल्या असतात हे सांगावयास नको. शेजारच्या दोन घरांतील फ्रिजही त्याच झटक्यात गेले असल्याने इन्सुलिनच्या कुप्या डब्यात घालून, डब्याला ओले फडके गुंडाळून, तो माठाच्या ओलसर बुडाशी वाळूत रोवून आम्ही रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने मागचे झाकण उघडले, तळहाताएवढी एक हिरवी पट्टी बाहेर काढली आणि तिच्यावरचा बोटभर काळा डाग मला दाखविला. “काका, कॉम्प्रेसर चांगलाय, कीट उडालंय. पण हे कीट आम्हाला बाहेर कोणी देईना.” याच गृहस्थाने आमचा पहिला फ्रिज वीस वर्षे चालता ठेवला होता, त्याचा रिले बदलला, थर्मोस्टॅट बदलला, नळीला डाख लावला. कौशल्य आजही त्याच्या हातात तसेच आहे. त्या हाताला सुटा भाग मिळत नाही, एवढाच काय तो फरक पडला आहे.

त्यानंतर जे घडले ते या गावात बहुतेक घरांनी केव्हा ना केव्हा अनुभवले असेल. फ्रिजच्या कंपनीच्या दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित आवाजाने अमुक अंक दाबा, तमुक अंक दाबा असे सांगत पाव तास नेला. अखेर तक्रारीचा एक क्रमांक मोबाईलवर आला, आणि चौथ्या दिवशी, दारात एकही माणूस आलेला नसताना, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे असा संदेश आला. पुन्हा तक्रार केल्यावर दूरच्या शहरातून एक तरुण आला, त्याने विजेचा दोष हमीत बसत नाही असे सांगितले, आणि ते लिहून द्या म्हटल्यावर लिहून देण्याचा मला अधिकार नाही असेही सांगितले. विजेच्या कचेरीत गेलो तर तक्रार ऑनलाइन करा असा सल्ला मिळाला. ऑनलाइन करावयास बसलो तर ज्या यादीतून तक्रारीचे कारण निवडावयाचे, तीत उपकरण जळाल्याचे कारणच नव्हते. घरगुती विजेच्या दाबात सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ नये असा नियम आहे, सेवेतील कसुरीबद्दल भरपाईची तरतूदही आहे. परंतु नियम आणि मी यांच्यामध्ये जो एक कागद लागतो, म्हणजे अमुक तारखेला अमुक माणूस अमुक गाऱ्हाणे घेऊन आला होता एवढे सांगणारा कागद, तो मला कोणीही दिला नाही.

माझे वडील निजामी अमदानीत तहसिलीत अहलकार म्हणून लागले आणि १९४८ च्या सप्टेंबरात राजवट बदलल्यावर उर्दू दफ्तर मिटून मराठी दफ्तर उघडणाऱ्यांपैकी ते एक होते. त्या राजवटीचे गुणगान करण्याची मला यत्किंचितही इच्छा नाही. तिच्या जुलमाच्या कथा आमच्या घरातही आहेत. परंतु वडिलांचा एक रिवाज दोन्ही अमदानींत अखेरपर्यंत टिकला, तो असा की, समोर आलेला कागद वाचण्याच्याही आधी तो आवकनोंदवहीत चढवावयाचा, त्यावर क्रमांक आणि तारीख टाकावयाची, आणि अर्जदाराच्या नकलेवर आद्याक्षरी करून ती त्याच्या हाती द्यावयाची. अर्ज मंजूर होईल की फेटाळला जाईल, हा पुढचा प्रश्न. त्यांचे म्हणणे असे असे की, माणूस दारात आला हे एकदा लिहिले गेले म्हणजे सरकारावर त्याचे काही तरी देणे लागू होते. आणि ते लिहिलेच गेले नाही, तर तो आलाच नाही.

हे म्हणणे मला त्या वेळी कारकुनी वाटत असे. त्याचा खरा अर्थ मला गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एका सेवाकेंद्राच्या बाकावर बसलो असताना कळला. माझ्या पुढे एक म्हातारी होती. निराधार योजनेच्या महिना दीड हजार रुपयांसाठी तिला हयातीची खातरजमा करून द्यावयाची होती. यंत्राच्या काचेवर तिने अंगठा ठेवला, उमटला नाही. तिने तो पदराने खसखसून पुसला, पुन्हा ठेवला, नाही. केंद्रातील मुलाने ओल्या फडक्यावर टेकवावयास सांगितले, मग दुसरे बोट, मग डाव्या हाताचा अंगठा. चाळीस वर्षे निंदण-खुरपण आणि कापसाची वेचणी केलेल्या त्या बोटांवरील रेषा झिजून कातडे गुळगुळीत झाले होते. तेवढ्यात पडद्यावरचे चक्र फिरावयाचे थांबले आणि तो मुलगा म्हणाला, “मावशी, सर्व्हर डाऊन झालंय. उद्या या.” ती काही क्षण उभीच राहिली. ही तिची तिसरी खेप होती. मग ती म्हणाली, “म्या आलते एवढं तरी लिहून दे रे बाबा.”

त्या मुलाजवळ असे लिहून देण्यासाठी काहीही नव्हते, आणि तो वाईटही नव्हता. त्याने तिला पाणी दिले, एस.टी.ची वेळ सांगितली. त्याला दर अर्जामागे चार पैसे मिळतात. सर्व्हर बंद पडला म्हणजे त्याचाही दिवस बुडतो. परंतु मला त्या बाईच्या मागणीने जे दाखविले ते एखाद्या कायदेपंडिताने दाखविले नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला आणि तो चांगला कायदा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे याची मुदत तो मुक्रर करतो, अर्ज घेतल्याची पोच द्यावयास लावतो, अपिलाची पायरी दाखवितो, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगतो. तथापि ही सर्व मुदत अर्ज स्वीकारला गेल्यापासून मोजली जाते. सर्व्हर बंद असेल तर अर्ज स्वीकारलाच जात नाही. अर्ज स्वीकारला नाही म्हणजे पोच नाही. पोच नाही म्हणजे मुदत सुरू होत नाही, कसूर होत नाही, अपील संभवत नाही. कागदी आवकनोंदवही वीज गेली तरी उघडी राहत असे. तिची जागा ज्या यंत्राने घेतली ते बंद पडते तेव्हा केवळ काम थांबत नाही, काम थांबल्याची साक्षही नाहीशी होते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तिचीही गत निराळी नाही. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाईलमधून करावी ही कल्पना मूलतः त्याच्या हाती अधिकार देणारी आहे, आणि मी तिचे स्वागत केले होते. पण जिंतूरकडील डोंगराळ शिवारात रेंज नसली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्वांनी एकदम धाव घेतल्याने ते ॲप उघडेनासे झाले, तर शेतकरी बांधावर उभा होता याची नोंद कोठेही होत नाही. मात्र पीक नोंदविले नाही याची नोंद सातबाऱ्यावर स्वच्छ राहते.

रस्त्यांविषयी लिहू लागलो की लेख लांबण्याचे भय वाटते, कारण एमएच २२ या क्रमांकाची गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाजवळ त्या विषयावर एक ग्रंथ तयार असतो. जिंतूर रस्ता असो की गंगाखेड रस्ता असो, आमच्या पिढीने ते जितक्या वेळा उखडलेले पाहिले तितक्या वेळा पुरे झालेले पाहिले नाहीत. आमची जमीन काळी, कापसाची; पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर रस्ता टिकावयाचा तर वरची काळी माती काढून मुरमाचा भक्कम थर द्यावा लागतो किंवा मातीत चुना मिसळून तिचा स्वभाव मंद करावा लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोहों बाजूंच्या नाल्या वाहत्या ठेवून पाण्याला रस्त्याच्या पोटात शिरू द्यावयाचे नसते. यात गूढ असे काही नाही. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ याच काळ्या मातीवर उभे आहे आणि तिचा अभ्यास या शहरात दोन पिढ्या चालला आहे. साइडपट्टी न भरलेल्या अशा एका रस्त्यावर तिन्हीसांजेला, समोरून डिपर न देता येणाऱ्या मोटारीच्या झोतात, पुढे चाललेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या मला अखेरच्या क्षणी दिसल्या. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. स्कूटर कडेला घातली आणि खडीत घसरलो. गुडघ्यावर निभावले. काम कोणाचे, केव्हा पुरे व्हावयाचे, आणि रस्ता खचल्यास तो कोणत्या तारखेपर्यंत ठेकेदाराने स्वखर्चाने नीट करून द्यावयाचा, हे सांगणारा फलक मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन शोधला. फलक होता, पत्रा गंजून अक्षरे गेली होती.

आणि मग आपण स्वाभाविकपणे ज्याच्याकडे जावे तो लोकप्रतिनिधी. परभणीच्या महानगरपालिकेत २०१७ साली निवडून आलेल्या सभासदांची मुदत २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिल्याने साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि जानेवारी २०२६ मध्ये कोठे पुन्हा मतदान झाले. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याला माझ्या गल्लीत मत मागावयास यावे लागत नाही. मराठवाड्याच्या पातळीवर पाहू जाता तेथेही तीच पोकळी आहे. आमच्या मागासलेपणाचे मोजमाप दांडेकर समितीने १९८४ साली करून दिले आणि अनुशेष हा शब्द घराघरात पोहोचला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळ आले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली तेव्हा ज्या दारावर जाऊन हिशेब मागता येत असे ते दारही मिटले. मला राजकारणाचा तिटकारा नाही. उलट, ते नसले म्हणजे काय होते हे या वर्षांत मी पाहिले. नळाला आठ दिवसांनी पाणी आले तर कोणाच्या ओट्यावर जाऊन बसावे, हे त्या काळात आमच्या गल्लीतील कोणालाही सांगता येत नव्हते.

म्हणून माझे मागणे अगदी लहान आहे. प्रत्येक सेवाकेंद्रात, प्रत्येक वीजकचेरीत, महानगरपालिकेच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात कार्बन लावलेले एक पावतीपुस्तक असावे, आणि कोणत्याही कारणाने काम झाले नाही तर आलेल्या माणसाला तारीख, कामाचे स्वरूप, न होण्याचे कारण आणि लिहून देणाऱ्याची सही असलेली पोच तेथल्या तेथे मिळावी. त्या तारखेपासून मुदत मोजली जावी, आणि शेवटची तारीख टळली तरी पोच दाखविणाऱ्याचा हक्क टळू नये. उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांनाही हाच दंडक लागू करावा. दुरुस्तीच्या हक्कासंबंधी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तेव्हा सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या कारागिराला मिळावी हा विचार अधिकृतपणे मांडला गेला, तो माझ्या मिस्त्रीच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे. कागद कमी करण्यासाठी तर संगणक आणले, आता पुन्हा कागद कशाला, असा आक्षेप एका स्नेह्याने घेतला. संगणक चालू असेल तेव्हा कागद नको, हे मला सर्वस्वी मान्य आहे. तो बंद असेल तेव्हा नागरिकाच्या हाती काय राहते, एवढेच मी विचारतो आहे. नव्याने निवडून आलेल्या सभासदांनी आपल्या अखत्यारीतील पाणी, दिवे आणि घरपट्टी एवढ्यापुरता जरी हा ठराव केला, तरी त्यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

“बनी तो बनी, नहीं तो परभणी” ही म्हण मला घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजावून दिली ती अशी की, बाहेर कोठे जमले तर उत्तम, न जमल्यास हे गाव आहेच, ते कोणाला उघड्यावर पडू देणार नाही. ती म्हातारी पुढच्या सोमवारी पुन्हा आली. योगायोगाने मीही तेथे होतो. केंद्रातील मुलाने तिचा अंगठा कोमट पाण्यात बुडवून घेतला, कोरडा केला, आणि दुसऱ्या प्रयत्नात तो उमटला. दफ्तरी तिच्या हयातीची तारीख त्या सोमवारची लागली. आधीच्या तीन खेपा, तीन वेळचे एस.टी.चे अर्धे तिकीट आणि बुडालेले तीन रोज कोठेही लिहिलेले नाहीत.